पेलेट ग्रिल : पडद्यावरचा आकडा आणि जाळीवरची आच

पेलेट स्मोकर ग्रिल, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्यांवर (पेलेट) चालणारं धुराचं ग्रिल. त्याबद्दल या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच तक्रारीभोवती फिरतात. कंट्रोलर, म्हणजे आच सांभाळणारी पडद्याची पेटी, एक तापमान दाखवतो, हातातला थर्मामीटर दुसरंच सांगतो. मग विश्वास कुणावर ठेवायचा? खालच्या उत्तरांत सगळे आकडे सेल्सिअसमध्ये आहेत. ज्यांचा कंट्रोलर फॅरनहाइटमध्ये चालतो त्यांच्यासाठी नेहमीच्या खुणा अशा : २२५ म्हणजे १०७ अंश, २५० म्हणजे १२१ आणि ३५० म्हणजे १७७.

प्रश्न : कंट्रोलर १०७ अंशांवर ठेवला आहे आणि पडद्यावरही १०७ च्या आसपासच दिसतं. पण जाळीवर ठेवलेला प्रोब (थर्मामीटरची तारेला जोडलेली सळई) ११८-१२० दाखवतो. सेन्सर खराब आहे का?

बहुतेक वेळा सेन्सर ठणठणीत असतो. तो जिथे बसवला आहे तिथलं तापमान तो सांगतो, आणि ती जागा तुमच्या जाळीची नसते.

ग्रिलच्या आत काय चाललं आहे ते आधी पाहू. हॉपरमधल्या, म्हणजे साठवणीच्या पेटीतल्या, गोळ्या ऑगर, म्हणजे मळसूत्री दांडा, ढकलत फायरपॉटपर्यंत, म्हणजे आगीच्या भांड्यापर्यंत, आणतो. तिथे पंख्याच्या हवेवर त्या जळतात. त्यावर आच पसरवणारा जाड पत्र्याचा आडोसा, म्हणजे डिफ्लेक्टर, असतो आणि त्याच्यावर तेल-चरबी गोळा करणारा ड्रिप ट्रे. गरम हवा या ट्रेच्या कडांवरून वर चढते, झाकणाखाली फिरते आणि चिमणीतून किंवा मागच्या फटीतून बाहेर जाते. म्हणजे पेटीत एकसारखी आच कुठेच नसते. ट्रेच्या कडेला गरम झोत, मधोमध जरा शांत, झाकणाखाली आणखी वेगळं. कंट्रोलरचा सेन्सर बहुतेक यंत्रांत एका बाजूच्या भिंतीतून आत डोकावतो, कधी जाळीच्या उंचीवर, कधी थोडा खाली. त्या भिंतीशी १०७ आणि जाळीच्या मध्यावर ११८ असणं अगदी शक्य आहे, आणि दोन्ही आकडे खरे असतात.

या सेन्सरमध्ये बहुधा प्लॅटिनमची रोधतार असते, पीटी-१०० किंवा पीटी-१००० या नावाची; तापमान वाढलं की तिचा विजेला होणारा रोध वाढतो. आयईसी ६०७५१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे साध्या, म्हणजे 'बी' वर्गाच्या सेन्सरला ०.३ अंश अधिक तापमानाच्या ०.००५ पट एवढी चूक चालते. १०७ अंशांवर हा हिशेब एका अंशाच्याही आत बसतो. त्यामुळे १०-१२ अंशांचा फरक दिसला की दोष आधी जागेत शोधायचा, मग घाणीत, मग जोडणीत आणि सगळ्यात शेवटी सेन्सरमध्ये. लोक नेमकं उलट्या क्रमाने जातात आणि नवा सेन्सर बसवल्यावर पुन्हा तोच फरक पाहून हताश होतात.

पदार्थ शिजतो तो जाळीवर. म्हणून जाळीचं तापमान खरं धरा आणि पडद्यावरच्या आकड्याकडे शेगडीच्या बटणावरच्या खुणेसारखं पाहा.

प्रश्न : पण जाळीवरचा माझा प्रोबच चुकत नसेल कशावरून?

योग्य शंका आहे. कंट्रोलरला दोष देण्याआधी हे तपासायलाच हवं. त्यासाठी बर्फ आणि उकळतं पाणी पुरतं.

बर्फाची चाचणी बरेच जण चुकीची करतात. पाण्याच्या पेल्यात चार खडे तरंगत सोडले आणि प्रोब बुडवला, तर २ ते ४ अंश दिसू शकतात आणि निर्दोष प्रोब फेकला जातो. कारण ४ अंशांचं पाणी सगळ्यात जड असतं; ते तळाशी बसतं आणि बर्फ वर राहतो. म्हणून पेला आधी बारीक फोडलेल्या बर्फाने काठोकाठ भरा. मग खड्यांमधल्या फटी भरतील एवढंच गार पाणी ओता. तळाशी बर्फाविना पाणी दिसलं तर ते ओतून टाका आणि आणखी बर्फ घाला. दोन-तीन मिनिटं थांबा, ढवळा, प्रोबचं टोक मधोमध धरा. टोक तळाला, काचेला किंवा एकाच खड्याला टेकता कामा नये. हळूहळू ढवळत राहून आकडा स्थिर होईपर्यंत वाट पाहा. मीठ अजिबात नको, त्याने गोठणबिंदू खाली जातो. ०.५ अंशाच्या आत आकडा आला तर प्रोब उत्तम, १ अंशापर्यंत चालेल.

दुसरी चाचणी उकळत्या पाण्याची. पाणी खळखळून उकळू द्या आणि टोक भांड्याच्या तळापासून निदान ३ सेंटीमीटर वर धरा. इथे १०० ची अपेक्षा फक्त समुद्रसपाटीला. साधारण दर ३०० मीटर उंचीला उत्कलनबिंदू १ अंशाने उतरतो. ९०० मीटरवर ९७ दिसलं तर प्रोब बरोबर आहे.

दोन्ही टोकांना चूक सारखी असेल, समजा दोन्हीकडे १ अंश जास्त, तर प्रत्येक वाचनातून १ वजा करा. बर्फात अचूक आणि उकळत्या पाण्यात ३ अंश कमी येत असतील, तर चूक तापमानाबरोबर वाढते आहे. १२० वर ती साधारण साडेतीन अंशांची धरावी लागेल. असा प्रोब बदललेलाच बरा.

एकाहून जास्त प्रोब असतील तर सगळे एका वेळी एकाच पेल्यात बुडवा आणि प्रत्येकावर चिकटपट्टीने खूण करून त्याची चूक लिहून ठेवा. पुढे जाळीचा नकाशा काढताना ही नोंद लागते.

प्रश्न : जाळीवर प्रोब नेमका कुठे ठेवायचा? जागा बदलली की आकडा बदलतो.

बदलणारच. म्हणून जागा एकदा ठरवायची आणि ती सोडायची नाही.

प्रोब जाळीवर आडवा टाकू नका. लोखंडाला टेकला की तो लोखंडाचं तापमान सांगायला लागतो. प्रोबबरोबर मिळणारी चिमट्याची क्लिप जाळीला लावा आणि टोक जाळीच्या वर २ ते ४ सेंटीमीटर हवेत राहू द्या. क्लिप नसेल तर ॲल्युमिनियम फॉइलचा घट्ट गोळा करून त्यातून प्रोब आरपार घाला. टोक मात्र गोळ्याबाहेर पुरेसं मोकळं हवं.

मांसाच्या तुकड्यापासून निदान ५ सेंटीमीटर लांब ठेवा. थंड, ओल्या तुकड्याभोवती गार हवेचं कवच असतं. त्यातला प्रोब पहिला तासभर १०-१५ अंश कमी सांगू शकतो. मग माणूस आच वाढवतो, आणि तुकडा तापल्यावर सगळं हाताबाहेर जातं. पेटीच्या भिंतीपासूनही तेवढंच अंतर राखा. फायरपॉटच्या बरोबर वर किंवा ड्रिप ट्रेच्या कडेच्या फटीवर प्रोब नको, कारण तिथे खालून सरळ झोत येतो.

तार झाकणाच्या कडेत चिमटू नका. बहुतेक ग्रिलच्या बाजूला प्रोबसाठी भोक असतं, त्यातून आत घ्या. रोज झाकणाखाली दबलेली तार आतून तुटते आणि आकडे अचानक उड्या मारू लागतात.

प्रश्न : आकडा सारखा वर-खाली होतो. ९८ वरून १२० पर्यंत जातो. कंट्रोलर बदलावा का?

कंट्रोलर कोणत्या जातीचा आहे यावर उत्तर अवलंबून आहे. जुन्या पद्धतीचे कंट्रोलर ठरावीक वेळ ऑगर चालवतात आणि ठरावीक वेळ थांबवतात. त्यांच्या 'पी' सेटिंगमध्ये थांबण्याचा वेळ बदलतो. नेहमीच्या एका रचनेत ऑगर १५ सेकंद चालतो आणि पी-२ वर ६५ सेकंद थांबतो. पी चा आकडा एकाने वाढवला की थांबणं १० सेकंदांनी वाढतं. अशा यंत्रात १०-१५ अंशांची वर-खाली हे दुखणं नाही, तो त्याचा स्वभाव आहे. पीआयडी पद्धतीचा कंट्रोलर चूक किती आहे आणि किती वेगाने बदलते आहे ते पाहून गोळ्यांचं प्रमाण सतत बदलतो. तो स्वच्छ यंत्रात ३ ते ६ अंशांच्या आत राहायला हवा.

आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. काही कंट्रोलर पडद्यावरचा आकडा मुद्दाम गुळगुळीत करतात : तापमान ठरवलेल्या आकड्याच्या जवळपास असलं की सरळ ठरवलेला आकडाच दाखवतात. तिथे पडदा स्थिर दिसतो आणि तुमचा प्रोब नाचताना दिसतो. आग दोन्हींखाली एकच आहे.

म्हणून एका क्षणाचा आकडा दुसऱ्या क्षणाच्या आकड्याशी ताडून पाहू नका, सरासरी काढा. ग्रिल रिकामं पेटवा, ठरवलेल्या तापमानावर आल्यावर आणखी ३० मिनिटं जाऊ द्या. पत्रे आणि जाळ्या पूर्ण तापेपर्यंत कोणतंच वाचन धरू नये. मग झाकण न उघडता तासभर दर ५ मिनिटांनी जाळीचा आणि पडद्याचा आकडा लिहा. नमुना म्हणून जाळीची ही १२ वाचनं घ्या :

११३, ११८, १२४, १२१, ११५, ११२, ११९, १२५, १२२, ११६, ११३, ११८

बेरीज १४१६, सरासरी ११८. पडद्याची त्याच तासाची सरासरी १०८ आली असेल तर खरा फरक १० अंशांचा. यात ११२ हे एकच वाचन पाहणारा म्हणेल, फरक ४ चा आहे. १२५ पाहणारा म्हणेल १७ चा. एका वाचनावर भरवसा ठेवला की असे वाद होतात.

मांसाला ११२ आणि १२५ मधली ही ये-जा फारशी जाणवत नाही. मोठ्या तुकड्यात उष्णता इतक्या सावकाश शिरते की त्याच्या दृष्टीने तासाची सरासरीच मोजली जाते. झाकण उघडल्यानंतरची १०-१५ मिनिटं मात्र हिशेबातून वगळा. थंड हवा शिरताच कंट्रोलर जास्त गोळ्या टाकतो, आणि झाकण लावल्यावर आकडा ठरवलेल्या तापमानाच्या वर उसळी मारून मग खाली बसतो.

प्रश्न : झाकणावरची तबकडी काय कामाची?

ग्रिल तापलं की नाही हे लांबून कळण्यापुरती. आत दोन धातूंच्या पट्टीची गुंडाळी असते. ती मंद असते आणि झाकणाजवळची हवा मोजते, जाळीपासून हातभर वर. तिच्यावरून आच ठरवू नका.

प्रश्न : लांबून नेम धरायचं इन्फ्रारेड थर्मामीटर वापरलं तर? जाळीवर धरलं की कधी ९०, कधी १५० दाखवतं.

ते हवा मोजत नाही, समोरच्या पृष्ठभागातून निघणारं प्रारण मोजतं. जाळीवर नेम धरता तेव्हा बराचसा भाग सळ्यांमधल्या फटींचा असतो. म्हणजे वाचनात खालचा ड्रिप ट्रेही मिसळतो. शिवाय चकचकीत स्टील स्वतःचं प्रारण कमी सोडतं आणि आजूबाजूचं परावर्तित करतं, त्यामुळे तो आकडा खऱ्यापेक्षा बराच कमी येतो. काळ्या, तेल मुरलेल्या ओतीव लोखंडावर वाचन बरंच जवळ येतं. झाकण उघडून मोजावं लागतं, त्यामुळे हवा तोवर थंड झालेली असते ती गोष्ट वेगळीच.

हे साधन तवा किंवा जाड लोखंडी प्लेट किती तापली हे पाहायला उत्तम आहे. धुरावर मंद शिजवताना ते बाजूला ठेवा.

प्रश्न : नवीन असताना ग्रिल नीट चालत होतं. काही महिन्यांनी आच ठरवलेल्याच्या फार वर जाऊन मग खाली येते.

सेन्सरवर काजळी चढली आहे. पेलेट ग्रिलमधली ही सगळ्यात जास्त दुर्लक्षित जागा. धूर आणि चरबीचा थर मिळून नळीवर काळा, चिकट लेप बसतो. हात लावला तर बोटाला डांबरासारखा लागतो. हा लेप कांबळ्याचं काम करतो : हवा तापली तरी आतल्या तारेला ते उशिरा कळतं. तोवर कंट्रोलर गोळ्या टाकत राहतो. मग आच वर जाते, तो थांबतो, आणि आता थंड झाल्याचंही उशिरा कळतं. म्हणजे लेपामुळे आकडा चुकीचा येत नाही, तो शिळा येतो. पीआयडी कंट्रोलरला याचा जास्त त्रास होतो, कारण त्याचा सगळा हिशेब बदलाच्या वेगावर चालतो.

साफसफाई अशी करा. ग्रिल पूर्ण थंड होऊ द्या आणि प्लग काढा. जाळ्या उचला आणि भिंतीतून बाहेर आलेली पेन्सिलपेक्षा बारीक नळी शोधा. कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून ओल्या केलेल्या फडक्याने ती चिमटीत धरून पुसा. थर कडक असेल तर मऊ नायलॉनची घासणी चालेल. तारेचा ब्रश, काथ्या, सुरीचं टोक नको, नळी वाकली की जागाच बदलते. ओव्हन साफ करायचे तीव्र फवारेही नकोत. पाणी मुळाशी, म्हणजे नळी भिंतीत शिरते तिथे, झिरपू देऊ नका. शेवटी पाहा की नळी भिंतीला, ड्रिप ट्रेला किंवा डिफ्लेक्टरला टेकत नाही ना. ट्रे घाईत परत बसवताना त्याची कड नळीला लागणं हे फार होतं, आणि मग ट्रेचं तापमान हवेचं म्हणून वाचलं जातं.

हे काम दर चार-पाच वापरांनंतर, राख काढायच्या वेळीच उरकून घ्या.

प्रश्न : सेन्सर खरंच गेला आहे का हे मल्टिमीटरने कळतं का?

कळतं. प्लग काढा, सेन्सरच्या दोन तारा कंट्रोलरपासून सोडवा आणि त्यांच्यातला रोध मोजा. २५ अंशांच्या खोलीत पीटी-१००० ला साधारण १०९७ ओहम आणि पीटी-१०० ला १०९.७ ओहम यायला हवेत. टोक बर्फात धरलं तर १००० किंवा १००, समुद्रसपाटीच्या उकळत्या पाण्यात १३८५ किंवा १३८.५. मीटर काहीच दाखवत नसेल तर तार तुटली आहे. शून्याजवळ दाखवत असेल तर आत दोन्ही तारा एकमेकींना टेकल्या आहेत. काही ग्रिलमध्ये थर्मिस्टर किंवा थर्मोकपल या दुसऱ्या जातींचा सेन्सर असतो, त्यांना हे आकडे लागू नाहीत. म्हणून आधी पुस्तिकेत सेन्सरचा प्रकार पाहा.

पीटी-१०० मोजताना मीटरच्या दोन पिना आधी एकमेकींना लावून मीटरच्या तारांचा रोध वजा करा. कारण इथे १ ओहम म्हणजे जवळपास २.६ अंश. याच कारणाने पीटी-१०० असलेल्या ग्रिलमध्ये सैल किंवा गंजलेला स्क्रू फार छळतो. जोडणीचा वाढलेला रोध कंट्रोलरला जास्त तापमान वाटतो, तो गोळ्या कमी करतो आणि पडद्यावर आकडा बरोबर असूनही पेटी थंड राहते. नवा सेन्सर मागवण्याआधी जोडणीची टोकं बारीक पॉलिश कागदाने घासून घट्ट आवळून पाहा. पीटी-१००० मध्ये तोच १ ओहम पाव अंशाएवढा ठरतो, तिथे हा त्रास क्वचित होतो.

प्रश्न : डाव्या बाजूचा पदार्थ करपतो, उजव्या बाजूचा कच्चा राहतो. पडदा तर एकच आकडा दाखवतो.

एक सेन्सर एकाच जागेचं सांगणार. नकाशा तुम्हालाच काढावा लागेल. सगळ्यात सोपी रीत पांढऱ्या ब्रेडच्या कापांची. ग्रिल १७७ अंशांवर अर्धा तास तापवा, संपूर्ण जाळी कापांनी झाकून टाका, झाकण लावा आणि ८ ते १० मिनिटांनी काप जागच्या जागी उलटून फोटो काढा. कुठे गडद तपकिरी, कुठे पांढरेफटक, ते पाहताच आच कुठून चढते ते कळतं. चार-सहा प्रोब असतील तर हाच नकाशा आकड्यांत निघतो. चार कोपरे आणि मध्य, प्रत्येकी सरासरी.

फरक मोठा निघाला तर आधी डिफ्लेक्टर फायरपॉटवर बरोबर बसला आहे का ते तपासा. तो खोबणीतून सरकलेला असला तर ज्वाळेची आच एका बाजूला पडते. मग ड्रिप ट्रे पाहा. डाव्या-उजव्या भिंतीपासून त्याच्या फटी पट्टीने मोजा; एका बाजूची फट १ सेंटीमीटरने मोठी असली तरी गरम हवा तिकडूनच वर येते. ट्रेवर फॉइल घातली असेल तर तिच्या कडा फटींवर लोंबत नाहीत ना? मग चिमणी : टोपी फार खाली आवळली असेल तर हवा कोंडते, अगदी मोकळी असेल तर आच त्या बाजूला ओढली जाते. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा काप भाजा.

हे सगळं करूनही १०-१५ अंशांचा फरक राहतो. तो मान्य करून जाड तुकडा गरम बाजूला आणि पातळ थंड बाजूला ठेवणं जास्त शहाणपणाचं.

प्रश्न : कंट्रोलरमध्ये तापमान जुळवायची सोय आहे. किती अंश भरायचे?

सफाई, ट्रे आणि प्रोबची चाचणी झाल्याशिवाय तिकडे जाऊच नका. काजळी आकड्याने झाकली तर पुढच्या सफाईनंतर उलटी चूक होते.

नंतर तासाभराची सरासरी घ्या. वरच्या नमुन्यात पडदा १०८ आणि जाळी ११८, म्हणजे १० चा फरक. पण एकदम १० भरू नका, ५ भरा. यंत्रागणिक चिन्हाचा अर्थ बदलतो : काहींत अधिक भरलं की पडद्यावरचा आकडा वाढतो आणि आग कमी होते, काहींत नेमकं उलट. ५ भरल्यावर जाळीची सरासरी ठरवलेल्या आकड्याकडे सरकली तर दिशा बरोबर; मग उरलेले भरा आणि पुन्हा तासभर नोंद घ्या.

१०७ वर १० चा फरक असेल आणि १८० वर २५ चा, तर एकच आकडा दोन्हीकडे लागू पडणार नाही. ज्या तापमानावर जास्त शिजवता तिथे जुळवा आणि वरच्या तापमानाचा फरक कागदावर लिहून ग्रिलच्या पुस्तिकेत ठेवा. ज्यांच्या यंत्रात ही सोय नाही त्यांनी १०७ हवे असतील तेव्हा बटण ९७ च्या जवळच्या खुणेवर ठेवावं. हिशेब तोच.

रिकाम्या ग्रिलवर जुळवल्यानंतर एकदा भरलेल्या ग्रिलवरही पाहा. मोठा तुकडा हवेची वाट अडवतो आणि जाळीवरचा फरक दोन-चार अंशांनी हलतो.

प्रश्न : प्रोब धुतल्यापासून खोलीतच ६० अंश दाखवतो.

स्टीलची नळी आणि तार जिथे जोडली आहे तिथून पाणी आत गेलं. अशा प्रोबमध्ये बहुधा थर्मिस्टर असतो. तापमान वाढलं की त्याचा रोध कमी होतो. ओलाव्यामुळेही रोध कमी होतो, म्हणून तो गरम असल्याचं सांगतो. प्रोबच्या तारेचा प्लग ग्रिलबाहेर ठेवून प्रोब १२० अंशांच्या ग्रिलमध्ये तासभर ठेवा, थंड झाल्यावर बर्फाची चाचणी घ्या. आकडा सुधारला तर वापरा, नाहीतर टाकून द्या. यापुढे ओल्या फडक्याने फक्त टोकाकडचा भाग पुसा, प्रोब बेसिनमध्ये बुडवू नका.

प्रश्न : वारा असला की आच ९० च्या वर जातच नाही. सेन्सरचा दोष का?

इथे सेन्सर खरं बोलतो आहे. कमी पडते ती आग.

वारा चिमणीतून किंवा झाकणाच्या फटीतून शिरून आच ओढून नेतो. ग्रिल असं फिरवा की वारा पाठीवर येणार नाही. आडोसा करा, पण पंख्याच्या हवेची वाट मोकळी ठेवा. थंडीत ग्रिलच्या मापाचं उष्णतारोधक पांघरूण मिळतं ते घाला. भर उन्हात उलट घडतं : काळी पेटी आधीच तापलेली असते, आणि सगळ्यात कमी आचेवर ठेवूनही आकडा खाली येत नाही.

मग गोळ्या. चांगली गोळी बोटांत मोडताना कट्कन आवाज करते आणि तिच्या अंगावर चकाकी असते. दमट गोळी मुकाट वाकते, चुरा होते. ती कमी आच देते आणि ऑगरमध्ये भुशासारखी साचते. पोतं उघडलं की उरलेल्या गोळ्या घट्ट झाकणाच्या बादलीत ठेवा. हॉपरमध्ये कधी कधी मधोमध विहीर पडते आणि कडेच्या गोळ्या तशाच उभ्या राहतात. लांब वेळ शिजवताना दर दोन-तीन तासांनी वरून हलवा. फायरपॉटमध्ये राख साचली तर हवेची भोकं बुजतात. थंड झाल्यावर ती पूर्ण काढा. राखेत निखारा बराच वेळ जिवंत राहतो, म्हणून ती धातूच्या झाकणबंद डब्यातच टाका.

एक गोष्ट जिवावर बेतू शकते. शिजवताना आग विझली आणि पडद्यावरचा आकडा घसरत गेला, तर कंट्रोलर गोळ्या टाकतच राहतो आणि फायरपॉट काठोकाठ भरतो. अशा वेळी नुसतं बंद करून पुन्हा चालू केलं तर सगळा ढीग एकदम पेटतो, दाट धूर कोंडतो आणि झाकण उडू शकतं. प्लग काढा, ग्रिल थंड होऊ द्या, फायरपॉटमधल्या आणि आजूबाजूला सांडलेल्या सगळ्या गोळ्या काढा, मगच पेटवा.

प्रश्न : जाळी १२१ वर स्थिर आहे, पण मांसातला प्रोब ६८ वर तीन तास अडकला आहे. तो खराब आहे का?

नाही. साधारण ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान मोठ्या तुकड्यातून पाणी बाहेर येऊन उडत राहतं आणि त्याबरोबर उष्णताही घेऊन जातं, जसं घामाने अंग गार होतं. पृष्ठभाग सुकला की आकडा पुन्हा चढतो. घाई असेल तर तुकडा फॉइलमध्ये किंवा बिनमेणाच्या तपकिरी कागदात घट्ट गुंडाळा. मात्र प्रोब हाडाला किंवा चरबीच्या थराला टेकला असेल तर आकडा फसवा असतो. टोक सगळ्यात जाड भागाच्या मध्यावर हवं. खात्रीसाठी झटपट वाचणारा दुसरा थर्मामीटर दोन-तीन ठिकाणी खुपसा, प्रत्येक वेळी जरा पलीकडे जाऊन हळूहळू मागे ओढा. वाटेत दिसलेला सगळ्यात कमी आकडा तुकड्याच्या मध्याचा.